बुडबुडा आणि ऊन

निवांत बसा. पाठ ताठच हवी असं काही नाही. मनाने अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी या. इथल्या शिलालेखावर शके 982 आहे, म्हणजे इ.स. 1060. शेजारून वालधुनी वाहते, पुढे उल्हासनगरकडे जाते. वास आला तर नाक दाबू नका. कारखान्यांचं, जीन्स धुणाऱ्या-रंगवणाऱ्यांचं पाणी या नदीने वर्षानुवर्षं पोटात घेतलंय.

आता तिच्यातलं पेलाभर पाणी समोर धरा. त्यातला रंगाचा एकच रेणू मनात घ्या. तो धुण्याने जाऊ नये, उन्हाने विटू नये, असाच घडवलेला आहे. कापडावर जो गुण, तोच नदीत दोष. यावर थोडं रेंगाळा.

पेल्यात चिमूटभर टायटॅनियम डायऑक्साइड टाका. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. त्यावर अतिनील प्रकाश पडू द्या. कणातला इलेक्ट्रॉन वर उचलला जातो, मागे रिकामी जागा उरते. ती पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढते, आणि जन्मतो हायड्रॉक्सिल मूलक. समोर येईल त्याला तोडणारा. याच पदार्थावर प्रकाश टाकून पाणी फोडता येतं, हे फुजिशिमा आणि होंडा यांनी 1972 मध्ये दाखवलं.

पण नीट पाहा. अर्धवट तुटलेले अवशेष कणालाच चिकटून बसलेत. कण एकमेकांना धरून त्यांचे गोळे झालेत. प्रकाश आहे, त्याला टेकायला मोकळी जागा नाही.

श्वास सोडा. आता ध्वनी येऊ द्या, सेकंदाला 20,000 पेक्षा जास्त कंपनांचा, कानाला न कळणारा. पाणी ताणलं जातं तेव्हा सूक्ष्म बुडबुडे उमलतात, दाबलं जातं तेव्हा मिटतात. मिटताना आत क्षणभर काही हजार अंश तापमान, आणि पेला हाताला जेमतेम कोमट! कणाजवळ मिटणारा बुडबुडा त्याला पाण्यातून जोरदार धक्का देतो. चिकटलेलं निघतं, गोळे फुटतात. बुडबुड्यात पाणीही फुटतं, त्यातून थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि प्रकाश त्याचे पुन्हा मूलक करतो. मला यातलं पहिलं काम जास्त भावतं: साफ करणाऱ्यालाच साफ करण्याचं.

अंबरनाथच्याच रेल्वेमार्गावर माटुंग्याला जुन्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटी या रसायन-तंत्रज्ञान संस्थेत, अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांनी बुडबुड्यांच्या या ताकदीवर वर्षानुवर्षं काम केलं. सांडपाण्यासाठी ध्वनी आणि प्रकाश एकत्र वापरणाऱ्या रिॲक्टरांचा त्यांचा चिकित्सक आढावा 2004 चा.

इथे मन म्हणेल, मग हे यंत्र वालधुनीतच सोडा की! येऊ द्या तो विचार, आणि जाऊ द्या. मूलकाला आपपर नाही. नदीतल्या मैल्यावर, गाळावर, क्षारांवर तो आधीच खर्ची पडेल. गडद पाण्यात प्रकाश खोल जात नाही. ध्वनीचा जोर यंत्राच्या तोंडापाशीच असतो. उन्हावर भिस्त ठेवावी, तर त्यात अतिनील किरणं 4-5 टक्केच.

म्हणून मन नदीवरून उचला आणि मागे न्या, अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या टाकीपाशी. रंग अजून नाल्यात मिसळलेला नाही, थोड्या पाण्यात एकवटलेला आहे. उपाय बसला तर इथेच बसेल. तिथे उभं राहून कारखानदार विचारील तेच विचारा: हजार लिटरमागे वीज किती युनिट लागेल?