धंदा कोणासाठी?

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे 11:1, लूक 19:1–10



गेल्या पावसाळ्यात सातारा तालुक्यातील एका खेड्यात उपासना आटोपल्यावर एक भाऊ मागे रेंगाळला. आसपासच्या घरांचे दूध गोळा करून तो शहरात रतीब घालतो. मान खाली घालून म्हणाला, "पाळकसाहेब, मी दुधात पाणी घालतो. पिशवीच्या दुधापुढं माझा भाव टिकत नाही. आमच्यातले सगळेच घालतात. मी एकट्यानंच का उपाशी मरायचं?"

खोट्या काट्याची परमेश्वराला किळस येते, हे नीतिसूत्रकाराचे म्हणणे मला पाठ आहे. पण ते मी त्यास लगेच ऐकवले नाही. ज्याच्या चुलीची पंचाईत आहे त्याच्या अंगावर वचन फेकणे सोपे असते, आणि आम्हा पाळकांस ती खोडच आहे. मी इतकेच विचारले, "तुझं दूध पितं कोण?" तो विचारात पडला. मग म्हणाला, एका घरी पंधरा दिवसांची बाळंतीण आहे. एवढे बोलून तो गप्प झाला.

बंधूंनो, धंद्याची आठवण हरवते ती येथे. आपण भाव पाहतो, शेजारचा दुकानदार पाहतो, पण ज्याच्यासाठी माल नेतो तो माणूस दिसेनासा होतो.

आपल्याच मुलखातील लक्ष्मणराव किर्लोस्कर पाहा. 1888 साली त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे त्यांची दृष्टी शेतकऱ्याच्या गरजेकडे वळली, आणि कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर ते करू लागले. लोखंडाने जमीन विषारी होते, ह्या समजुतीने शेतकरी नांगरास हात लावीनात. तरी जमिनीस जे हवे होते ते करणे त्यांनी टाकले नाही. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी आश्रय दिला, आणि 1910 साली निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तो माळ आज सांगली जिल्ह्यात आहे. तुरुंग भोगून आलेल्या माणसांस तेथे त्यांनी पहाऱ्याचे काम दिले. ते आपल्या मंडळीचे नव्हते. पण ज्यास कोणी विश्वासाने उभे करीत नाही त्याच्या हाती विश्वास ठेवणे, हे आपण त्यांच्यापासून शिकावे, त्यात लाज कसली?

मात्र एक गोष्ट मला टोचते. लक्ष्मणरावांस नांगर खपेपर्यंत धीर धरता आला, कारण पाठीशी भावाची साथ होती आणि पुढे राजाचा आधार मिळाला. आमच्या दूधवाल्या भावाच्या पाठीशी कोण? आपण मंडळी त्याच्याकडे खरे दूध मागतो आणि पाणी घातलेल्या दुधाचा भाव देतो. ज्याचा खरा माल आपण परवडू देत नाही, त्याच्या पापात आपलीही ओंजळ आहे.

जक्कयाची गोष्ट ह्या दृष्टीने पुन्हा वाचा. ज्याचे जे लुबाडले ते चौपट फेडण्याची गोष्ट त्याने काढली, ती प्रभू त्याच्याकडे उतरावयास निघाल्यावर. आधी त्याला कोणीतरी आपला म्हटले. आणि त्याने जकातीचे काम सोडले, असे लूकने कोठेही लिहिले नाही. बहुधा दुसऱ्या दिवशी तो त्याच नाक्यावर बसला असेल, फक्त समोरचा माणूस त्यास आता दिसू लागला असेल.

पुढच्या आठवड्यात आमचा भाऊ घरोघर गेला. "आजवर पाणी होतं, उद्यापासून नाही, पण लिटरमागं भाव वाढेल," असे त्याने सांगितले. चार घरांनी रतीब बंद केला. बाळंतिणीच्या सासूने त्यास उंबऱ्यावर उभे करून पुष्कळ सुनावले, आणि मग भांडे पुढे केले. रविवारी मी मंडळीत ही हकिकत त्याच्या परवानगीने सांगितली. शहरात राहणाऱ्या दोन कुटुंबांनी उपासनेनंतर त्यास आपला पत्ता दिला. आणखी दोन घरे अजून भरावयाची आहेत.