रिकामीच आहे गं

ताईच्या डाव्या भुवईत एक बारीक रेघ आहे. तिथे केस उगवत नाहीत. घरात सगळ्यांना वाटतं की ती कपाटाच्या दारावर आपटली होती. खरं कारण मी आहे, आणि जत्रेतून हट्टाने घेतलेली प्लॅस्टिकच्या छर्‍यांची बंदूक.

मी पाचवीत होतो, ती बारावीत. बंदुकीचं मॅगझिन काढून मी खिशात टाकलं आणि तिच्यावर नेम धरला. ती म्हणाली, "ए, ते बाजूला कर." मी म्हणालो, "अगं, रिकामीच आहे गं," आणि ट्रिगर ओढला.

आईने विचारल्यावर कपाटाची गोष्ट ताईनेच रचली. बंदूक दुसऱ्या दिवशी दिसेनाशी झाली. मी कधी विचारलं नाही.

मी खोटं बोललो नव्हतो, हीच गोष्ट मला इतकी वर्षं छळते. मला खरंच वाटलं होतं की ती रिकामी आहे. या बंदुकीची स्लाईड मागे ओढली की स्प्रिंग ताणली जाते आणि मॅगझिनमधला एक छर्रा वर सरकून नळीच्या तोंडाशी जाऊन बसतो. त्यानंतर मॅगझिन काढलं तरी तो एक तिथेच राहतो. दहा वर्षांच्या पोराला हे कुठून कळणार? पण मी तरी पाहिलं कुठे होतं?

विल्यम क्लिफर्ड या इंग्लिश गणितज्ञाने १८७७ साली एका निबंधात असाच प्रश्न मांडला. एका मालकाचं जहाज जुनं झालंय. त्याच्या मनात शंका येते, पण दुरुस्तीला खर्च आहे. मग तो स्वतःची समजूत घालतो, की इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. हळूहळू त्याचा त्यावर मनापासून विश्वास बसतो. जहाज बुडतं, माणसं मरतात. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहे, कारण असा विश्वास ठेवण्याचा त्याला हक्कच नव्हता. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तितकाच दोषी ठरला असता.

दुसरं वाक्य वाचून मी फोन खाली ठेवला. छर्रा दोन बोटं खाली लागला असता तर, हा विचार मी हजारदा केला होता. नाही लागला, म्हणजे सुटलो, असा हिशोब होता माझा. क्लिफर्डच्या हिशोबात छर्रा कुठे लागला याला काही किंमतच नाही.

बंदुकीचा पहिला नियम सांगतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजून वागा. कॉलेजात मला हा नियम मूर्खपणाचा वाटायचा. जे खोटं आहे हे दिसतंय, ते खरं कसं मानायचं? नोकरीला लागल्यावर उत्तर मिळालं. टेस्ट सर्व्हर समजून खऱ्या डेटाबेसवर डिलीटची कमांड चालवणारा माणूसही मनापासूनच बोलत असतो. (हो, मीच. बॅकअप होता.) तो नियम तुम्हाला काही मानायला सांगतच नाही. तुम्हाला काय वाटतं याला इथे मत नाही, एवढंच तो सांगतो.

आणि डोळा ही काही बॅकअपवाली गोष्ट नाही. दमदार एअरसॉफ्ट बंदुकीतून ०.२ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटला, तर त्यात एक ज्यूल ऊर्जा असते. बारावीचं गणित आहे, करून बघा. ऐकायला चिल्लर वाटतं. पण डोळ्यावर बसला तर बुबुळाच्या पुढच्या पोकळीत रक्त साकळू शकतं आणि पुढे काचबिंदूचा धोका राहतो. कडक भिंतीवरून छर्रा उलटाही येतो, म्हणून चष्मा नेमबाजालाही हवा. रोजचा नंबरचा नाही, बाजूने बंद असलेला, आघात सोसणारा पॉलिकार्बोनेटचा.

'मला माहीत आहे' यात आणखी एक गोची आहे. ते मला माहीत असतं, समोरच्याला नाही. २०१४ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला बारा वर्षांचा टामिर राईस बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. खेळणं ओळखू यावं म्हणून नळीला असणारं नारिंगी टोक त्यावर नव्हतं. पोलिसांनी गाडी थांबवल्यापासून दोनेक सेकंदांत त्याला गोळी घातली. त्या पोलिसांबद्दल माझं मत बरं नाही. पण म्हणून ते टोक काळं रंगवून पोराला रस्त्यावर सोडायचं, असं होत नाही.

हे सगळं माहीत असूनही गेल्या महिन्यात भाच्याच्या अकराव्या वाढदिवसाला मी काय नेलं असेल? त्याने महिनाभर हट्ट केला होता. ताईने खोका उलटसुलट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "चष्मा कुठाय?"

चष्मा मी आणलाच नव्हता. पुढच्या रविवारी तीन घेऊन गेलो. तोवर खोका तिच्या कपाटात कुलपात होता. गच्चीवर जुनी चादर दोरीला सैल टांगली, पुढे पुठ्ठा. भाच्याला शिकवलं: बोट ट्रिगरबाहेर, आधी मॅगझिन काढायचं, मग पुठ्ठ्याकडे धरून दोनदा चालवायची. त्याने तसं केलं आणि विचारलं, "मामा, आता रिकामी आहे ना?"

"हो."

"मग तुझ्याकडे धरू?"

"नाही."

"का पण? रिकामी आहे ना?"

मी त्याला भुवईची गोष्ट सांगितली. कपाटाची नाही, खरी. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजीला माहितीये?"

तेवढ्यात ताई वाळलेले कपडे काढायला जिन्यातून वर आली. त्याने बंदूक खाली ठेवली आणि ओरडला, "आई, थांब तिथेच, चष्मा!"