हवा किती?

पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा नळी घेऊन चाकाशी उकिडवा बसतो, मान वर करतो आणि विचारतो, "किती?" प्रश्न एका शब्दाचा. पण शाळेत सतराचा पाढा म्हणायला उभं केल्यावर व्हायची तशी माझी अवस्था होते. पुढच्या गाडीवाल्याने "तीस" म्हटलेलं मी ऐकलेलं असतं. मीही तीस म्हणतो. त्याची गाडी माझ्या गाडीच्या दुप्पट असली तरी तीस. नऊ वर्षं मी तीसच म्हणत आलो.

खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापून चिकटवलेला असतो. ते दार मी काही हजार वेळा उघडलं असेल, पण ती पट्टी मला दिसली ती सगळं घडून गेल्यावर. माझ्या गाडीला ३३ पौंड हवा लागते. तीही टायर थंड असताना मोजलेली. पळून आलेल्या गाडीचा टायर तापलेला असतो, आतली हवा प्रसरण पावलेली असते, आणि काटा उगीच दोन-तीन पौंड जास्त दाखवतो. म्हणजे माझे तीस हे तीससुद्धा नव्हते. शिवाय गाडी नुसती उभी असली तरी टायरमधून महिन्याला साधारण एक पौंड हवा निसटून जाते. आपण माणसं अशी, की फुकटची कोथिंबीर घेतल्याशिवाय भाजीवाल्यापुढून हलत नाही. पण ही फुकटची हवा घ्यायला चार महिन्यांतून एकदा थांबायचं जिवावर येतं. मधल्या काळात मी टायरला एक लाथ मारून बघत असे. नारळ वाजवून घेणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तो तज्ज्ञ भाव मलाही जमत असे. कळत दोघांनाही काही नाही.

२०२३ सालच्या मार्चमध्ये पंक्चर काढायला गेलो, तेव्हा पंक्चरवाल्याने माझ्या पुढच्या डाव्या टायरवरून हात फिरवला आणि म्हणाला, "साहेब, हवा कमी ठेवता." मी चकित. ज्योतिष्याने माझा हात बघून आजवर एक गोष्ट बरोबर सांगितलेली नाही. याने टायर बघून माझा स्वभाव सांगितला! त्याचं शास्त्र सोपं होतं. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, एकच कड झिजली तर चाकाची दिशा बिघडलेली. मग त्याने नखाने खाच उकरून तळाशी असलेले छोटे उंचवटे दाखवले. ते १.६ मिलिमीटर उंचीचे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायरचं आयुष्य संपलं. कायदाही तेच म्हणतो. माझं रबर आलेलंच होतं. "टकला झालाय," तो म्हणाला. माझा हात नकळत डोक्यावर गेला.

"अजून महिनाभर चालेल?"

"चालवायचीय तुम्हाला. मी काय सांगू?"

त्या महिन्यात आम्ही सोफ्याचं कापड बदललं. सोफा पाहुण्यांना दिसतो, टायर दिसत नाही. एप्रिलमध्ये मी त्या चाकाकडे बघायचंच सोडून दिलं. साखर वाढली असेल अशी शंका असलेला माणूस रक्त तपासायला जात नाही, त्यातलाच प्रकार. तपासलं नाही की वाढलेली नसते.

मे महिन्यात भाच्याने गाडी मागितली. त्याला बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला जायचं होतं. पहाटे सहाला तो आला. किल्ली देताना मी त्याला निदान वीस सूचना दिल्या असतील. क्लचवर पाय ठेवून चालवू नकोस, पोरीला सीटवर चिवडा सांडू देऊ नकोस, डावी काच हाताने वर ओढावी लागते. टायरची गोष्ट ओठांवर आली होती, खोटं कशाला बोलू? पण ते सांगायचं म्हणजे दोन महिने मी याच चाकांवर त्याच्या मामीला गावभर हिंडवतोय हेही आलं. आणि डिकीत पुरीभाजीचे डबे ठेवून झाले होते, पोरगी पुढच्या सीटवर नाचत होती. एवढी गाडी, आतली माणसं, सगळं रस्त्याला टेकतं ते फक्त चार तळहातांएवढ्या रबरावर. त्यातला एक तळहात मला ठाऊक होता. भाचा वाकून माझ्या पाया पडला. मी "सावकाश जा" म्हणालो.

अकरा वाजता फोन आला. खंबाटकीच्या पुढे टायर फुटला. हवा कमी असली की टायरच्या बाजू सारख्या वाकतात, वाकून वाकून तापतात. त्यात मे महिन्याचा रस्ता. गाडी डावीकडे ओढली गेली, त्याने कशीबशी कडेला घेतली, मागचा ट्रक भोंगा वाजवत अंगावरून गेल्यासारखा गेला. कुणाला ओरखडा नाही. मग भाचा म्हणाला, "मामा, चुकलं माझं. खड्डा होता बहुतेक, लक्षात नाही आलं."

आणि मी त्याला माफ केलं.

"असू दे रे, होतं असं," मी म्हणालो. वर, "जरा जपून चालवत जा," हेही.

स्टेपनीत हवा जेमतेमच होती. स्टेपनी हा शब्द आला वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी रस्त्यावरून. तिथे १९०४ च्या सुमारास जादा चाकं तयार होऊ लागली. तिकडचे लोक शब्द विसरून गेले, आपण मात्र जपला. मी नुसता शब्दच जपला. त्या चाकात हवा भरायचं नऊ वर्षांत सुचलं नव्हतं. भाचा रखडत कराडला पोचला. तिथे त्याने पदरच्या पैशांनी दोन नवे टायर टाकले आणि टाकी भरून गाडी परत आणून दिली. पैसे घेण्याचा मी आग्रह केला. सभ्यतेला लागतो तेवढाच वेळ केला. ही आजही नातेवाइकांत सांगते, "यांनी त्याला एका शब्दाने बोललं नाही हो."

मला छळतं ते वेगळंच. समजा, टायर फुटलाच नसता. ती मंडळी देवीचा प्रसाद घेऊन हसत परत आली असती, तर हा लेख मी लिहिला असता? छे! माझ्या लेखी मी निर्दोष असतो. आणि तो ट्रक दोन सेकंद आधी आला असता तर? तर मला पुढे तोंड दाखवता आलं नसतं. तिन्ही वेळी फाटकाशी उभा असलेला माणूस तोच, त्याचा टायर तोच, गप्प बसणंही तेच. मग माझा गुन्हा किती मोठा, हे खंबाटकीच्या ट्रक ड्रायव्हरने का ठरवायचं? एका वकील मित्राला, अर्थात दुसऱ्याची गोष्ट म्हणून, विचारलं. तो म्हणाला, नुकसान झालं नाही तर दावा कसला? त्याच वर्षी समृद्धी महामार्गावर परिवहन खात्याची माणसं गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवू लागली होती. ते वाचून मला त्यांचा हेवा वाटला. काही घडायच्या आत विचारणारा कुणीतरी माझ्या फाटकाशी पहाटे सहाला हवा होता. तसा मी होतो म्हणा.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, चहाच्या आधी, गाडी हलवायच्या आत मी हवा मोजतो. त्यासाठी खास गेज आणलाय. शेजारी हसतात. मागच्या रविवारी भाचा आला होता. मला चाकाशी उकिडवा बसलेला बघून त्याचा चेहरा पडला. "मामा, माझ्यामुळे तुम्ही धसकाच घेतलात," तो म्हणाला, आणि शेजारी बसून टोपणं काढून द्यायला लागला.

मागच्या उजव्या चाकात दोन पौंड कमी भरली. तेवढं मी त्याला सांगितलं.