शेजारच्या सीटचा हिशोब

सिंगापुरात गाडीचं वय तारखेनं मोजतात. १९९० च्या मे महिन्यात इथं कोटा पद्धत आली. तेव्हापासून गाडी घ्यायची तर आधी ती रस्त्यावर ठेवण्याचा हक्क लिलावात विकत घ्यावा लागतो. त्या हक्काला सगळे सीओई म्हणतात. मुदत दहा वर्षं. ती संपली की गाडी मोडीत काढा, परदेशी धाडा, नाहीतर चालू भावाच्या सरासरीनं पुन्हा पैसे भरून पाच किंवा दहा वर्षं वाढवा. पाच वर्षं निम्म्या पैशांत मिळतात, पण ती घेतली की त्यापुढं वाढ नाही. माझी लान्सर तसली आहे. मी ती घेतली तेव्हा तिची दहा वर्षं उलटली होती आणि वाढवलेल्या पाचांतली दोन उरली होती. दहा वर्षांवरची म्हणून तिला रोड टॅक्सवर दरवर्षी चढता अधिभार आणि दरवर्षी तपासणी. इंजिन ठणठणीत आहे. मेकॅनिक म्हणतो, आणखी दहा वर्षं काढेल. काढू देणार कोण?

लिटिल इंडियात, रेसकोर्स रोडपासून दोन गल्ल्या आत, एका सरकारी गृहनिर्माणाच्या (एचडीबी) फ्लॅटमध्ये आम्ही तिघं भाड्यानं राहतो. तिसरा नागपूरचा, तो बहुतेक वेळ झोपलेला असतो. दादा सांगलीकडचा. तुआसच्या एका शिपयार्डात सेफ्टी ऑफिसर. माझं ऑफिस जुरॉंगला, त्यामुळं तिथपर्यंत तो माझ्या गाडीत आणि पुढं ट्रेननं. एका रविवारी त्यानं आमच्या स्प्लिटवाइजवर, म्हणजे खर्च वाटायच्या ॲपवर, ‘गाडी, ऑगस्ट’ अशी नोंद टाकली आणि तिथून हे सगळं निघालं. त्याची वाक्यं मी सुधारलेली नाहीत. गरज पडली नाही.

“हे कशाचे पैसे?”

“तुझे.”

“मी मागितले का?”

“नाही मागितलेस. तीच तर अडचण आहे.”

“दादा, रस्ता माझाच आहे. तू बसलास काय, न बसलास काय, ईआरपीच्या, म्हणजे टोलच्या कमानीखाली माझे तेवढेच कापले जाणार. तुझ्या वजनाचं जास्तीचं पेट्रोल धरलं तर महिन्याला एक कोपी होईल. ती पाज.”

“हॉलमधला पंखा एकट्यासाठी फिरला काय, तिघांसाठी फिरला काय, बिल तेवढंच येतं. ते आपण तिघांत वाटतो की नाही?”

“फ्लॅटच्या करारावर तिघांची नावं आहेत. गाडीवर माझं एकट्याचं.”

“म्हणजे तू मालक, मी प्रवासी. प्रवासी भाडं देतो.”

“पाहुणा म्हण.”

“रोज सकाळी येणारा पाहुणा? आमच्याकडं त्याला वेगळं नाव आहे, मालक.”

तो मला तेव्हापासून मालक म्हणू लागला. चिडवण्यासाठी, पण नुसतं चिडवण्यासाठी नाही.

मी कायद्याकडं वळलो. खासगी गाडीत कुणाला सोबत घेऊन त्याच्याकडून पैसे घ्यायला इथं २०१५ च्या आदेशानं मुभा मिळाली. अटी मोजक्याच: दिवसातून दोन फेऱ्या, त्या प्रवासाला येणाऱ्या खर्चापेक्षा जास्त घ्यायचं नाही, आणि किती घेणार ते निघण्याआधी सांगायचं. “मी निघण्याआधी काही सांगितलं नाही,” मी म्हणालो, “म्हणजे काही घ्यायचं नाही.”

“खर्च म्हणजे काय, ते आधी सांग.”

“पेट्रोल. ईआरपी.”

“आणि झीज?”

इथं आम्ही जे अडकलो ते अडकलोच. सिंगापुरात जुन्या गाडीचा खरा खर्च पेट्रोलचा नसतोच. ती उभ्या उभ्या संपते. सोपं गणित करू: चोवीस हजार डॉलरला घेतलेली गाडी, चोवीस महिने उरलेले. शेवटी हातात भंगाराचे चार पैसे. म्हणजे महिन्याला हजार, दिवसाला साधारण तेहतीस डॉलर. मी चालवो, न चालवो, मल्टिस्टोरी कारपार्कच्या पाचव्या मजल्यावर ती तेहतीस डॉलर खात उभी असते.

“आता या तेहतिसांतले माझे किती?” दादानं विचारलं.

“शून्य. तू नसतास तरी मी ही गाडी घेतलीच असती.”

“पण मी आहे. आणि मला त्यातलं रोज मिळतं.”

“मिळालं म्हणून देणं लागतं असं कुठंय? वीरमाकालीअम्मनच्या देवळातलं नादस्वर आपल्याला रोज ऐकू येतं. तू हुंडीत टाकतोस का काही?”

“नादस्वर माझ्यासाठी थांबत नाही. तू थांबतोस. मी बूट शोधत असतो आणि तू खाली इंजिन चालू ठेवून, हॉर्न न वाजवता थांबलेला असतोस. हॉर्न वाजवलास तर बरं वाटेल. ते न वाजवणं माझ्या अंगावर चढतं.”

“चांगुलपणा नको म्हणतोस?”

“चांगुलपणा हवा. तो मोजता येत नाही तेव्हा माझी जागा मला कळत नाही. तू पैसे घेत नाहीस म्हणून एसी कमी कर असं मला म्हणता येत नाही. रोज जुरॉंगपर्यंत तू त्या शेअरबाजारवाल्यांच्या गप्पा लावतोस, मी ऐकतो.”

“मला वाटलं तुला आवडतात.”

“कधी विचारलंस?”

“तू तरी कधी बोललास?”

“कुठल्या तोंडानं? भीड भिकेची बहीण, मालक. मी जुरॉंगपर्यंत दोघींच्या मधे बसतो.”

मी म्हणालो की हा त्याच्या मनाचा खेळ आहे, माझ्याकडून कसलाच हिशोब नाही. त्यावर त्यानं जे सुनावलं ते मला अजून उलटवता आलेलं नाही.

“पेट्रोलचा हिशोब तू ठेवत नाहीस, खरंय. कढई कुणी घासली याचा ठेवतोस. मी भांडी तशीच टाकून ड्यूटीला गेलो तेव्हा ग्रुपवर लिहिलंस, ‘काही लोकांना सवय झालीय.’ त्या नागपूरच्या पोराची भांडी तर आठवडाभर पडून असतात, त्याला कधी लिहिलंस? तो तुझ्या गाडीत बसत नाही. माझ्या सीटचं भाडं तू सिंकमध्ये वसूल करतोस.”

“ते वेगळं.”

“वेगळं काही नाही. वही वेगळी आहे.”

यावर मी कढईबद्दल बोललो नाही. एकदम दूर गेलो. वादात माणूस असा जातो. मानववंशशास्त्रज्ञ लॉरा बोहॅनन नायजेरियात टिव लोकांमध्ये राहायला गेली तेव्हा शेजारणी तिला भाज्या, अंडी असं काहीबाही आणून देत. तिला शिकवण्यात आलं की परतफेड करायचीच, पण कधी नेमकी नाही. थोडी कमी किंवा थोडी जास्त. नेमकी केली तर त्याचा अर्थ, आता तुमच्याशी संबंध नको. “आपल्याकडंही शेजारचं भांडं रिकामं परत देत नाहीत,” मी म्हणालो. “हिशोब चुकता झाला की माणूस मोकळा होतो, निघून जाऊ शकतो. थोडं देणं राहिलं की पुन्हा दार वाजवावं लागतं. तू ऑगस्टचे पैसे पूर्ण फेडतोस तेव्हा मला नेमकं काय सांगतोस?”

माझ्या मते हा बिनतोड मुद्दा होता. तो थोडा वेळ विचारात पडलाही.

“भांडं भरून परत देता येतं,” तो म्हणाला, “कारण माझ्याही घरी चूल असते. तुझं हे भांडं मी कशानं भरू? गाडी कुठून आणू? २००८ च्या नोव्हेंबरात लहान गाडीचा सीओई दोन डॉलरला गेला होता. दोन! तेव्हा आपण शाळा-कॉलेजात. २०२३ च्या ऑक्टोबरात तोच एक लाख सहा हजार. गाडीची किंमत वेगळी. ज्याला परत देता येत नाही त्याच्याशी देवाणघेवाण होत नाही, नुसती देवाण होते.”

“तू पोहे करतोस की रविवारी.”

“पोह्यांनी लान्सर फेडायची तर मला टेक्का मार्केटात गाळा घ्यावा लागेल.”

मी हसलो. तो हसला नाही.

मग मी ॲरिस्टॉटल काढला. ‘राज्यशास्त्रा’च्या दुसऱ्या भागात तो प्लेटोच्या सामाईक मालमत्तेच्या कल्पनेला विरोध करतो, आणि त्यात आम्हा फ्लॅटवाल्यांना ओळखीचं वाटावं असं एक निरीक्षण आहे: एकत्र प्रवास करणारे लोक बहुतेक वेळा रोजच्या फुटकळ गोष्टींवरूनच भांडतात. त्याचा तोडगा असा की मालकी खासगी असावी, वापर मात्र मित्रांत सामाईक असावा. स्पार्टाचे लोक एकमेकांचे घोडे आणि कुत्रे जणू आपलेच असल्यासारखे वापरत, हा त्याचा दाखला. “मी दुसरं काय करतोय? मालकी माझी, वापर आपला.”

“यादीतला पहिला शब्द गाळलास.”

“कुठला?”

“गुलाम. एकमेकांचे गुलाम, घोडे, कुत्रे. मी पण वाचलंय ते. आणि ज्यांच्यात वापर सामाईक होता त्यांच्याकडं प्रत्येकाकडं काही ना काही होतं. तू माझा घोडा ने, मी तुझा नेतो. ज्याच्याकडं घोडाच नाही तो त्या वाक्यात कुठं बसतो, ते ॲरिस्टॉटल सांगत नाही.”

खाली सेरंगून रोडवर रविवारची गर्दी चढत होती. बांधकामावरची, यार्डातली पोरं, तमिळ आणि बांगलादेशी, आठवड्यातला हा एक दिवस इथं घालवतात: पैसे घरी पाठवतात, केस कापतात, गावाकडच्या माणसाला भेटतात. दादा खिडकीतून त्यांच्याकडं बघत होता आणि बोलणं त्यानं भलतीकडंच नेलं, असं मला तेव्हा वाटलं.

“आमच्या यार्डात यातली बरीच पोरं लॉरीच्या हौद्यात बसून येतात. कायद्यानं चालतं ते. कठड्याची उंची, वर छप्पर, माणशी जागा, सगळ्याचे नियम आहेत, मीच तपासतो. फक्त सीट नाही, पट्टा नाही. ते बंद करा म्हणून पार्लमेंटात कितीदा प्रश्न आले. प्रवास फुकट बरं का. एक डॉलर कापत नाहीत. आणि फुकट आहे म्हणून त्यातला एकही जण म्हणत नाही, पाऊस आत येतो.”

“तू मला लॉरीच्या मालकाशेजारी नेऊन बसवलंस.”

“नाही. मी स्वतःला हौद्यात बसवून बघितलं. तुझ्या एसीत बसून ते सोपं आहे, मान्य. पण गप्प बसणं तसंच आहे.”

ही तुलना मला अन्यायाची वाटली आणि अजूनही वाटते. तो महिन्याला माझ्याइतकंच कमावतो. उद्या ट्रेननं जायचं ठरवलं तर त्याला कुणी अडवणार नाही. लिटिल इंडिया स्टेशन इथून चालत पाच मिनिटांवर. मी तसं म्हणालोही. तो म्हणाला, “ट्रेनमध्ये माझी सीट माझी असते. म्हणून तर विचार करतोय.”

एव्हाना मला रागही आला होता. “ठीक. काय हवंय तुला?”

“महिन्याच्या हजारातला तिसरा हिस्सा घे. पेट्रोलचा निम्मा. मग एसी, रेडिओ आणि निघायची वेळ यात माझं मत चालेल.”

“आणि गाडी कुठं ठोकली तर इन्शुरन्स देत नाही त्या एक्सेसचाही तिसरा हिस्सा?”

तो पहिल्यांदा अडखळला. “चालवणारा तू.”

“नेम्ड ड्रायव्हर म्हणून तुझं नाव घालतो. प्रीमियम वाढेल, ते वाटून घेऊ. उद्या तपासणीत गिअरबॉक्स निकामी निघाला तर तोही वाटू. उरल्या महिन्यांसाठी दुरुस्त करायचा की आधीच मोडीत काढायची, तेही दोघं ठरवू.”

“मी मालकीत भागी मागितली नाही. बोलण्यात मागितली.”

“पण ती पैशानं मिळते असं तूच म्हणतोस. आणि तसं असेल तर तुझ्या यार्डातल्या पोरांनी पैसे भरावेत आणि सीट घ्यावी. भरता येत नसतील तर पाऊस खावा. हेच म्हणायचंय ना तुला?”

बराच वेळ त्यानं उत्तर दिलं नाही. आत नागपूरकराचा अलार्म वाजला आणि बंद झाला.

“नाही,” तो म्हणाला. “त्यांना सीट तशीच मिळायला हवी. न भरता.”

“मग झालं तर. तुलाही बोलायचा हक्क तसाच आहे. न भरता.”

“मग देत का नाहीस?”

“आत्ता दिला की.”

“आत्ता मी नोंद टाकली म्हणून दिलास. बरं, घेतो. उद्या सातला निघायचं.”

“सव्वासातला. सातला मला जमत नाही.”

“ईआरपी अर्ध्या अर्ध्या तासानं बदलतं. सव्वासातला निघून आपण वरच्या दरात सापडतो.”

“ते पैसे माझे जातात, दादा. तुझे नाही.”

“बघ,” तो म्हणाला, “पुन्हा तिथंच.”

“मग काय करू? तुझ्या सोयीसाठी मी लवकर उठू, आणि वर पैसेही घेऊ नको?”

“घे की. केव्हापासून तेच सांगतोय.”