लीला आणि गुणपत्रक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाभुळगावात तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा मान झालेला असतो. आता पाटावर चाके लावून उभे केलेले लाकडी नंदीबैल, त्यांच्या अंगावर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगुरमाळ, आणि सुतळीचा कासरा घट्ट मुठीत धरून ओळीत उभी राहिलेली लहान लहान मुले, असा तो थाट असतो. काही वर्षांपूर्वी या मेळाव्यात परीक्षकाचे काम माझ्याकडे आले आणि माझ्या हाती एक छापील तक्ता देण्यात आला, ज्यात सजावट, वेशभूषा आणि शिस्त असे तीन रकाने होते. रात्रभर पाऊस पडून गेलेला. आमच्या भागातील काळी माती ओली झाली म्हणजे चाकाला अशी धरते की खरी बंडीसुद्धा जागची हलत नाही, मग त्या इवल्याशा चाकांची काय कथा! बहुतेक मुलांचे बैल त्यांच्या वडिलांनी उचलून काखेत मारले होते. एका सात-आठ वर्षांच्या पोराने मात्र चारही चाके काढून सदऱ्याच्या खिशात कोंबली होती आणि तो नुसता पाट चिखलावरून सरसर ओढीत, ओळ सोडून, मैदानाच्या उतारावरून खाली धावत सुटला होता. बैलाची झूल चिखलाने माखली होती, एक शिंग कलले होते. मी त्याला थांबवून विचारले, "चाकं काहून काढलीस रे?" तो धापा टाकीत म्हणाला, "चिखलात फसतेत जी. आता पाहा, कसा पयते!" आणि माझे उत्तर ऐकण्यासाठी न थांबता तो पुन्हा उताराच्या माथ्याकडे गेला.

शिस्तीच्या रकान्यात मी त्याला शून्य दिले. तक्त्याप्रमाणे पाहता ते बरोबरच होते. परंतु त्या शून्याने मला नंतर स्वस्थ बसू दिले नाही, आणि प्रस्तुतचे लेखन म्हणजे त्या शून्याबद्दल मी स्वतःकडेच मागितलेला जबाब आहे.

या मुलाने जे केले तेच, जवळजवळ त्याच युक्तीने, अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या मस्किगन या गावी १९६५ सालच्या नाताळात घडले होते. शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने घरात कंटाळलेल्या आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एकच रुंद फळी केली, जिच्यावर उभे राहून त्या मुली घरामागच्या बर्फाळ टेकाडावरून घसरू लागल्या. त्याच्या पत्नीने या खेळण्याला 'स्नर्फर' असे नाव दिले, आणि पुढे त्याच्या नाकाला एक दोरीही आली, जी हातात धरून तोल सावरावयाचा. मला या दोरीत आमच्या तान्ह्या पोळ्याचा कासरा दिसतो. भुसभुशीत बर्फात अरुंद स्की रुतते आणि रुंद फळी तरंगते. चिखलात चाक रुतते आणि पाट घसरतो. ही यंत्रविद्या कोणत्याही पाठशाळेत शिकविली जात नाही; ती खेळणाऱ्याच्या पायांना आपोआप कळते.

पुढचा इतिहास पुष्कळांस ठाऊक असेल, म्हणून तो थोडक्यात सांगतो. जेक बर्टन याने १९७७ मध्ये व्हरमाँट राज्यात अशा फळ्या तयार करण्यास आरंभ केला आणि पाय अडकविण्याच्या पट्ट्यांमुळे त्यांच्यावर नीट ताबा ठेवता येऊ लागला. तिकडे टॉम सिम्स याने समुद्रलाटांवरच्या आणि रस्त्यावरच्या फळीखेळाची रग बर्फावर आणली. परंतु प्रतिष्ठित स्की-उतारांच्या मालकांनी या पोरांना मज्जाव केला. विम्याची अडचण, उतार बिघडण्याचे भय, टकरींचा धोका ही कारणे दप्तरी नोंदली गेली. मुळातला राग निराळाच होता. ढगळ कपडे, कर्कश संगीत, वाकडी भाषा आणि 'आम्हांला तुमच्यासारखे उतरायचे नाही' असा चेहऱ्यावर लिहिलेला भाव यांचा तो राग होता. १९८३ मध्ये व्हरमाँटच्या स्ट्रॅटन पर्वताने परवानगी दिली आणि मग एकामागून एक दरवाजे उघडले. तरीही यूटामधील आल्टा व डिअर व्हॅली आणि व्हरमाँटमधील मॅड रिव्हर ग्लेन येथे मनाई आजही कायम आहे. दरम्यान त्या बहिष्कृत पोरांच्या पोषाखाने आणि बोलीने एका अख्ख्या पिढीला वळण दिले, आणि ज्या स्कीने त्यांना हाकलले तीच स्की दोन्ही टोके वर वळवून घेऊन, अर्धनळीसारख्या खोदलेल्या बर्फाच्या पन्हळीत उतरून, त्यांच्याच कसरती गिरवू लागली.

मला जो प्रश्न पडतो तो याच्या आतला आहे. ज्या पोरांना एवढ्या आग्रहाने आडवे उभे राहून घसरावयाचे होते, त्यांना वस्तुतः हवे काय होते? त्यांना कोठे पोहोचावयाचे नव्हते, कारण खाली पोहोचून ती पुन्हा वरच जात. त्यांना कोणास मागे टाकावयाचे नव्हते. या कृतीचा हेतू विचारला तर उत्तर सापडत नाही. आणि हेतू न सापडणारी कृती म्हणजे काय, या प्रश्नावर आपल्या तत्त्वज्ञानाने फार पूर्वी फार खोल विचार केलेला आहे.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात पूर्वपक्षी एक बिकट हरकत घेतो. ब्रह्म जर पूर्णकाम आहे, त्याला काही मिळवावयाचे उरलेलेच नाही, तर त्याने जगताची उठाठेव करावी कशासाठी? प्रयोजनावाचून शहाणा मनुष्य हालचाल करीत नाही. मग ईश्वर कसा करील? सूत्रकारांनी यावर जे उत्तर दिले त्यात 'लीला' हा शब्द येतो आणि त्या लीलेला दाखला म्हणून लोकव्यवहार दाखविला जातो. शंकराचार्यांनी भाष्यात तो दाखला उलगडताना सर्व इच्छा पुरलेल्या राजाची क्रीडा सांगितली आणि मनुष्याचा श्वासोच्छ्वास सांगितला, जो कोणत्याही बाह्य हेतूवाचून स्वभावतःच चालतो.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे, अशी माझी विनवणी आहे. सामान्यतः आपण मनुष्याच्या खेळाला ईश्वराच्या लीलेचे नाव देऊन थोरपण देतो, असे समजतो. परंतु युक्तिवादाची दिशा नेमकी उलट आहे. ईश्वराची लीला आपणांस दिसत नाही. मनुष्याचा खेळ दिसतो. त्या दिसणाऱ्या खेळाच्या आधारानेच न दिसणारी लीला समजून घ्यावयाची आहे. याचा अर्थ असा की, निर्हेतुक खेळ म्हणजे काय हे जर एखाद्या समाजाला ठाऊकच राहिले नाही, त्यातले प्रत्येक पोर जर बक्षिसासाठी, शिष्यवृत्तीसाठी, नोकरीतील राखीव जागेसाठी अथवा निदान प्रकृतीसाठी खेळू लागले, तर त्या समाजापुढे सूत्रकारांचा दाखलाच उरणार नाही आणि लीला हा शब्द पोथीत राहूनही निरर्थक होईल. मुलाचा खेळ वाचविणे हे म्हणून मी केवळ बालसंगोपनाचे काम मानीत नाही. ते ब्रह्मविद्येचेही काम आहे.

आमच्या वऱ्हाडाला हे नवे नसावे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर हे श्रीगोविंदप्रभूंचे गाव. गोविंदप्रभू हे चक्रधरस्वामींचे गुरू, आणि लोकदृष्टीने पाहता वेडे: लेकरासारखे वागणारे, मनास येईल तेथे शिरणारे, कशाचाही शिरस्ता न पाळणारे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात या दोन्ही महापुरुषांच्या आठवणी गोळा केल्या, त्यातील प्रत्येक प्रसंगाला महानुभाव परंपरेने 'लीळा' म्हटले, आणि अशा रीतीने मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे लीळांची नोंदवही झाला. म्हाइंभटांनी कोणती लीळा श्रेष्ठ आणि कोणती कनिष्ठ असा क्रम लावला नाही. त्यांच्या वहीत नोंद आहे, रकाने नाहीत. हा फरक माझ्या हातातल्या छापील तक्त्याशी ताडून पाहिला म्हणजे मला संकोच वाटतो.

बर्फावरच्या त्या फळीखेळाला, म्हणजे स्नोबोर्डिंगला, रकाने मिळाले ते १९९८ मध्ये, जपानातील नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये. त्या सुमारास ज्याला या विद्येतील सर्वश्रेष्ठ मानीत तो नॉर्वेचा तेर्ये हाकोन्सेन तेथे गेलाच नाही. या खेळाची स्वतःची संघटना असताना ऑलिंपिकच्या चालकांनी त्याची सूत्रे स्कीच्या जुन्या महासंघाच्या हवाली केली, हा त्याच्या नकारामागचा मोठा आक्षेप होता. मी या नकाराचा आदर करतो. तथापि आखाड्यात उतरलेला खेळ तेवढ्यानेच मरतो, असे मात्र मला म्हणवत नाही. २०१४ मध्ये सोची येथे सेज कोट्सेनबर्ग या अमेरिकन तरुणाने अंतिम फेरीत, पूर्वी आयुष्यात एकदाही न करून पाहिलेली उडी मारली आणि सुवर्णपदक मिळविले. जेथे सारे पाठ केलेले करतात, तेथे त्याला ऐन वेळी जे सुचले ते त्याने केले.

परंतु ज्या एका क्षणाकडे माझे मन पुनःपुन्हा वळते तो २००६ सालचा आहे, आणि त्यात सुवर्णपदक निसटले. इटलीत तुरीन येथील ऑलिंपिकमध्ये लिंडसे जेकोबेलिस ही वीस वर्षांची अमेरिकन मुलगी अंतिम शर्यतीत इतकी पुढे होती की तिच्या मागे उतार रिकामा दिसत होता. शेवटून दुसऱ्या उंचवट्यावरून हवेत असताना तिने वाकून फळीची कड हाताने धरली. वेगाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. शर्यतीच्या हिशेबात ती कृती बसतच नव्हती. खाली टेकताना तोल गेला, ती पडली, आणि स्वित्झर्लंडची तान्या फ्रीडेन तिला ओलांडून पहिली आली. वृत्तपत्रांनी त्या मुलीला गर्विष्ठ म्हटले. तिने मात्र सांगितले ते एवढेच, की आपल्याला मौज वाटत होती आणि ती पाहणाऱ्यांबरोबर वाटून घ्यावीशी वाटली.

यावर गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळणे मला प्रशस्त वाटत नाही. प्रेक्षकांना दाखविण्यासाठी केलेली कृती निर्हेतुक कशी? टाळीची इच्छा हे फळच नव्हे काय? मी यावर पुष्कळ विचार केला आणि उताराच्या माथ्याकडे धावणाऱ्या त्या पोराच्या शब्दांत मला उत्तर सापडले. "पाहा, कसा पयते" असे तो म्हणाला. त्यानेही दाखविलेच होते. पण मी काय ठरवितो हे ऐकण्यासाठी तो थांबला नाही. आनंद सांगितल्यावाचून राहवत नाही, हा आनंदाचा स्वभाव आहे. निवाडा मागणे हे निराळे. 'पाहा' आणि 'किती गुण?' या दोन वाक्यांच्या मधोमध लीलेची शीव आहे, आणि ती बर्फावरची मुलगी त्या क्षणी, सोन्याची किंमत मोजून, शिवेच्या अलीकडे राहिली. पुढे २०२२ मध्ये बीजिंग येथे, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तिने त्याच शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले. लोक त्याला प्रायश्चित्त म्हणाले. प्रायश्चित्त घेण्यासारखे पातक तिने केले होते, असे मला वाटत नाही.

कोणी गीतेचा आधार घेऊन म्हणतील की स्पर्धा अवश्य करावी, केवळ फळावर डोळा ठेवू नये. परंतु कुरुक्षेत्र हे क्रीडांगण नव्हते. कर्तव्याला फळ असते, म्हणून तेथे फलत्यागाची शिकवण लागते. खेळाला मुळात फळच नाही. आधी मुलाच्या खेळाला आपण बक्षीस चिकटवावे आणि मग त्यालाच वैराग्याचा पाठ द्यावा, ही त्या कोवळ्या जिवावर दुहेरी सक्ती होय.

मी नियमांचा वैरी आहे असा कोणी समज करून घेऊ नये. नियमावाचून खेळ उभाच राहत नाही. हुतूतू घ्या: एका श्वासात जाऊन त्याच श्वासात परतावयाचे, हा नियम कोणा कमिटीने वरून लादलेला नसून खेळाच्या पोटातूनच निघालेला आहे, आणि आचार्यांनी लीलेसाठी श्वासाचाच दाखला दिला होता हे आठवले म्हणजे माझे मन भरून येते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने, ज्याची स्थापना १९१४ ची, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ तेथे नेऊन दाखविले. १९९० मध्ये हुतूतूचेच स्पर्धारूप असलेली कबड्डी आशियाई क्रीडास्पर्धांत दाखल झाली. मातीच्या जागी गादी आली, आणि श्वासाच्या जोडीला तीस सेकंदांचे घड्याळ लागले. त्या घड्याळाविरुद्ध माझी फिर्याद नाही. गावोगावच्या गरीब मुलांना त्याने नाव दिले, पोट दिले. माझे म्हणणे इतकेच आहे की, घड्याळाखाली खेळणाऱ्या त्या मुलाला संध्याकाळी बेंबळा नदीच्या काठी, कोणी मोजीत नसताना, दम तुटेपर्यंत हुतूतू घालता आला पाहिजे. आणि ज्या दिवशी तो ज्याला रकाना आहे तेवढेच करू लागेल, त्या दिवशी जिंकूनही तो खेळाबाहेर पडलेला असेल.

त्या पोराचे पुढे काय झाले ते मला माहीत आहे, कारण बाभुळगाव लहान आहे: त्याला त्या दिवशी बक्षीस मिळाले नाही, आणि निकाल लागला तेव्हा तो मैदानात नव्हताही. यंदाच्या तान्ह्या पोळ्याच्या समितीला माझी विनंती आहे की, बोजारा, म्हणजे बैल आणणाऱ्या मुलांना द्यावयाची भेट, सर्व मुलांना आधी वाटावा, मुलांना बैल घेऊन मैदानभर हवे तसे धावू द्यावे, तक्ता त्यानंतर काढावा, आणि त्यात शिस्तीचा रकाना छापूच नये.