फावडं कोणाच्या हातात?

गेल्या पावसाळ्यात आंबिवलीत आमच्या सोसायटीचं चेंबर तुंबलं आणि घाण पाणी पार्किंगपर्यंत आलं. दोन पोरं आली. हातात मोजे नाहीत, पायात साध्या चपला. त्यातला एक कमरेइतका आत उतरला आणि हातानेच गाळ उपसू लागला. आम्ही नाकाला रुमाल लावून गॅलरीतून बघत होतो. काम संपल्यावर त्याने पाणी मागितलं. कोणीतरी बाटली आणून दिली आणि सांगितलं, "ही तुलाच ठेव, परत नको." मी त्या गॅलरीत होतो. गप्प होतो.

तेव्हापासून एक जुनी अमेरिकन कादंबरी मनातून जात नाही. १८४१ साली तिचा लेखक नॅथॅनिअल हॉथॉर्न बॉस्टनजवळ ब्रूक फार्म नावाच्या वस्तीत राहायला गेला. रिप्ली दांपत्याने ती वसवली होती. विचार करणारा आणि राबणारा असे दोन वर्ग उरू नयेत, हा तिचा हेतू. हॉथॉर्नच्या हाती फावडं आलं, शेणखत उपसायला. आधी त्याला त्याचं अप्रूप वाटलं, मग तो विटला आणि वर्ष संपायच्या आत निघून गेला. ती वस्तीही १८४७ मध्ये मोडली. त्या अनुभवावर त्याने १८५२ मध्ये 'द ब्लाइथडेल रोमान्स' लिहिली.

कादंबरीतल्या वस्तीची पहिलीच संध्याकाळ बघा. स्त्रियांच्या हक्कांसाठी पेटून बोलणारी झेनोबिया सांगते की तूर्त स्वयंपाकपाणी बायकाच बघतील. शेती शिकवायला पगारावर ठेवलेला सायलस फॉस्टर सगळ्यांबरोबर एकाच टेबलावर जेवतो खरा, पण 'आपण याला शेजारी बसवलं' ही जाणीव शिकलेल्यांच्या मनातून हटत नाही. नव्या समाजाचं पहिलं जेवण, आणि वाढप जुन्याच पद्धतीचं.

आपल्याकडे हेच फावडं एका माणसाने हट्टाने मागून घेतलं. अप्पासाहेब पटवर्धन, कोकणचे गांधी. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैला साफ करण्याचं काम मागितलं. ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांचं, म्हणून नकार आला. अप्पासाहेबांनी अन्न सोडलं. येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण केलं आणि सरकारला नमावं लागलं. घाण उपसायला मिळावी म्हणून उपाशी राहणारा ब्राह्मण! १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम उभारला. तिथे मेलेली जनावरं सोलण्यापासून मैल्याचं खत करण्यापर्यंतची कामं त्यांनी स्वतः केली. माणसाला मैला हाताळावा लागू नये, असा संडास कसा बांधायचा याचा त्यांनी ध्यास घेतला. हे काम एकाच जातीच्या माथी का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो त्यांनी भाषणातून नव्हे, हातांनी विचारला.

आणि आज? शहाड ते टिटवाळा गाडीतून बघत जा, टॉवर उठताहेत. प्रत्येकाच्या जाहिरातीत आदर्श जीवनाचं चित्र: बाग, पोहण्याचा तलाव, मंदिर. आणि आत राहायला गेलं की कामवाल्या मावशींसाठी वेगळी लिफ्ट, ओट्याखाली कान तुटलेला वेगळा कप. सत्यनारायणाला पूर्ण मजला जेवतो, झाडू मारणाऱ्याला पान मात्र जिन्यात. कोणी म्हणेल, आम्ही पैसे देतो ना? पैसे कामाचे देतो. अपमान सोसण्याचे कोणी कोणाला देऊ शकत नाही.

सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी उतरवतो, कारण यंत्र मागवायला वर्गणी काढावी लागते. रंगकामाला वर्गणी निघते, गणपतीला निघते.

येत्या सर्वसाधारण सभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. चेंबरसाठी यंत्रच येईल आणि खर्च सगळ्यांवर समान. लिफ्ट सगळ्यांना एकच. आणि दर रविवारी दोन घरांनी पाळीपाळीने जिना झाडायचा, कचऱ्याचे डबे धुवायचे. पहिल्या रविवारी माझं नाव लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या घराची जागा कोरी आहे.