संकटातील साहाय्य : प्रथम कोणास?

दुष्काळ किंवा महापूर आला व मंडळीच्या हाती वाटण्यासाठी धान्य आले, म्हणजे एक प्रश्न हटकून उपस्थित होतो : ते प्रथम आपल्यांस द्यावे की सर्वांस?

सावदा व तापीकाठच्या खेड्यांत हा प्रश्न नवा नाही. सन १८९९–१९०० च्या महादुष्काळात खानदेशही होरपळला. त्या काळी मिशनांनी पुष्कळ भुकेल्यांस अन्न व अनाथांस आश्रय दिला. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमात शेकडो मुली वाचल्या. तथापि ‘पोटासाठी धर्म घेतला’ हा टोमणाही अशाच दिवसांतून आपल्या वाट्यास आला.

कोणी म्हणेल, बाप आधी आपल्या लेकरांस जेवू घालतो आणि पौलानेही विश्वासणाऱ्यांचा विशेष उल्लेख केला आहे. खरे, परंतु बाप स्वतःच्या कमाईतून देतो. आपत्तीसाठी आलेले धान्य आपली कमाई नव्हे, ती भुकेल्यांची ठेव आहे. ठेवीचा कारभारी नाते पाहू लागला, तर तो विश्वासघात होय. शिवाय त्याच पौलाने सर्वांचे बरे करण्यास सांगितले आहे.

सन १८५९ मध्ये इटलीतील सोल्फेरिनोच्या लढाईनंतर आंरी द्युनां याने गावच्या स्त्रियांसह दोन्ही पक्षांच्या जखमींची शुश्रूषा केली. त्यातून रेडक्रॉस उभा राहिला. मानवता, निःपक्षपात, तटस्थता व स्वातंत्र्य ही त्याची तत्त्वे १९६५ मध्ये व्हिएन्ना येथे घोषित झालेल्या सात तत्त्वांपैकी होत. गरज हेच माप असावे व मदतीने कोणत्याही धर्ममताचा प्रसार करू नये, असा नियम १९९४ मध्ये साहाय्यक संस्थांनीही मान्य केला.

मग आपण सुवार्ता सांगू नये काय? अवश्य सांगावी, पण शेर धान्याच्या मोबदल्यात नव्हे. रिकाम्या पोटाने दिलेला होकार स्वतंत्र नसतो, आणि जो विश्वास विकत घेता येतो तो पाऊस पडताच परत जातो. दयाळू शोमरोन्याने जखमीस त्याचा धर्म विचारला नाही.

यास्तव उपदेशकांनी वाटपाची यादी गरजेनुसार करावी : विधवा, रोगी, तान्ह्या बाळाची आई, ज्याच्या घरी चूल पेटत नाही तो. ती चावडीवर सर्वांसमक्ष वाचावी, आणि तपासण्यास दुसऱ्या आळीचेही दोन गृहस्थ बोलवावेत. त्या यादीत आपल्या मंडळीचे नाव खाली गेले, तर कुरकुर होईल, ती सोसावी. आपल्या मापाचा खरेपणा तेथेच कळतो.